त्या दोन तारा मेन कॉन्टॅक्टरपर्यंत न्या

क्रेन उभी होती, हे आधी सांगतो. जानेवारीतली रात्रपाळी होती. साखर कारखान्याच्या केन यार्डात ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची रांग लागलेली, कडेला बैल सोडून गाडीखाली झोपलेले गाडीवान. क्रेनचा चालक चहाला उतरला होता. ग्रॅब हवेत लटकलेला, मोटर बंद, ब्रेक लागलेला. आणि वर गँट्रीच्या कडेला, एका जाळीच्या पेटीतून, चुलीतल्या निखाऱ्यासारखा लाल उजेड येत होता.

पाचटाच्या धुराचा वास आधी आला, मग तो उजेड दिसला. मी वर चढायच्या फंदात पडलो नाही. पॅनेल रूममध्ये पळालो आणि क्रेनचा मेन ब्रेकर पाडला. तोवर पेटीवर साचलेलं पाचट पेटून खाली ठिणग्या पडू लागल्या होत्या आणि दोन पोरं वाळूच्या बादल्या घेऊन धावत होती. खाली उसाच्या मोळ्यांचा ढीग, वाळलेलं वाढं, ट्रॅक्टरच्या डिझेलच्या टाक्या. कोणाला काही झालं नाही. गाळप पाच तास थांबलं, एवढ्यावर निभावलं.

या गोष्टीला बरीच वर्षं झाली. मी तेव्हा त्या कारखान्यात इलेक्ट्रिशियन होतो. आता कोल्हापूर-सांगली भागात क्रेनची आणि लिफ्टची पॅनेलं बसवतो. त्या पेटीबद्दल वर्तमानपत्रात लिहायचं कारण असं, की तसलीच पेटी आज तुमच्या सोसायटीच्या गच्चीवर, लिफ्टच्या मशीनरूममध्ये आहे. ती बसवताना आम्ही जे करतो किंवा टाळतो, ते कोणीच तपासत नाही.

पेटीला धंद्यात डीबीआर म्हणतात, म्हणजे डायनॅमिक ब्रेकिंग रेझिस्टर. सोप्या भाषेत, तारेचं वेटोळं किंवा स्टीलच्या पट्ट्यांची ग्रिड, आणि काम एकच, तापणं. आंबोली घाटात भरल्या ट्रकच्या मागे जो उतरला आहे त्याला ब्रेक लायनिंगचा वास माहीत आहे. चढताना जी ताकद वजनात घातली ती उतरताना कुठेतरी काढून टाकावी लागते. विजेच्या मोटरचंही तसंच आहे. क्रेनचा ग्रॅब खाली येतो तेव्हा मोटर वजनाला ओढत नसते, वजन मोटरला फिरवत असतं, आणि अशी फिरलेली मोटर वीज तयार करते. ती वीज उलटी ड्राइव्हमध्ये, म्हणजे मोटरचा वेग सांभाळणाऱ्या डब्यात, शिरते. साध्या ड्राइव्हला ती लाइनमध्ये परत देता येत नाही. ४१५ व्होल्टच्या सप्लायवर ड्राइव्हच्या पोटातला डीसी एरवी ५६० च्या घरात असतो. तो चढत चढत साडेसातशेच्या आसपास गेला की चॉपर नावाचा ट्रान्झिस्टर चालू होतो आणि जास्तीची वीज रेझिस्टरमध्ये सोडून तिची उष्णता करून टाकतो. रेझिस्टर नसेल तर ड्राइव्ह ओव्हरव्होल्टेजवर ट्रिप होतो, मोटर सोडून देतो आणि सगळा भार एकट्या यांत्रिक ब्रेकवर येतो.

ही उष्णता किती, ते हिशेब मांडल्याशिवाय पटत नाही. तीन टनांचा ग्रॅब दहा मीटर खाली वीस सेकंदांत आला, तर त्या वीस सेकंदांत जवळजवळ पंधरा किलोवॅट ताकद बाहेर पडते. थोडी गिअरबॉक्स आणि मोटर खाते. तरी उरते ती चार इन्स्टंट गीझर एकदम लावल्याइतकी, आणि हंगामात हे रात्रंदिवस चालतं. पंखा किंवा पंप असेल तर थांबण्याचा वेळ वाढवून रेझिस्टरशिवाय भागवता येतं. वजन उतरवणाऱ्या यंत्राला ती सोय नाही. हळू उतरवा की जोरात, वजन जमिनीला टेकेपर्यंत वीज येतच राहते.

आता क्रेन उभी असताना पेटी लाल का होती ते सांगतो. चॉपरचा ट्रान्झिस्टर जळून आतून शॉर्ट झाला होता. म्हणजे मोटर फिरो वा न फिरो, ड्राइव्हमधला डीसी सरळ रेझिस्टरवर बसलेला. आमचा रेझिस्टर २५ ओहमचा, सतत सोसायची क्षमता ४ किलोवॅट. ५६० चा वर्ग करा आणि २५ ने भागा, साडेबारा किलोवॅट येतात. तिप्पट. आणि मेन ब्रेकर होता ६३ अँपिअरचा. साडेबारा किलोवॅट म्हणजे फेजला वीसेक अँपिअर. ब्रेकरच्या लेखी सगळं ठीक चाललं होतं. तो सकाळपर्यंत पडला नसता.

अशा वेळेसाठीच रेझिस्टरच्या पेटीवर थर्मल स्विच असतो. पेटी ठरल्यापेक्षा तापली की तो उघडतो. आमच्या पेटीवर तो होता, पण पॅनेलमध्ये त्याच्या दोन तारा एकमेकींना पिळून टाकलेल्या होत्या. आमच्या भाषेत, लूप मारलेला होता. चार दिवस आधी ऐन गर्दीत तो वारंवार ट्रिप देत होता, बाहेर गाड्यांची रांग लागलेली, वरून फोनवर फोन, आणि आमच्याच पाळीतल्या एकाने लूप मारला. मला ते माहीत होतं. पुढच्या क्लीनिंगला गाळप थांबेल तेव्हा बघू, असं मी म्हटलं होतं. थर्मल ट्रिप देत होता कारण जाळीवर पाचट साचून हवा अडली होती. तो आपलं काम करत होता आणि आम्ही त्याचं तोंड बंद केलं. याची लाज मला आजही वाटते.

पण झोप उडवणारी गोष्ट दुसऱ्या दिवशी कळली. ड्रॉइंग काढून तारा एकेक करून तपासल्या. थर्मल स्विचच्या तारा ड्राइव्हच्या इनपुट टर्मिनलला गेल्या होत्या, म्हणजे थर्मल उघडला तर ड्राइव्ह थांबायचा, एवढंच. ड्राइव्ह थांबला तरी त्याच्या तोंडाशी असलेला डायोडचा ब्रिज सप्लाय घेतच राहतो, डीसी बनतच राहतो आणि शॉर्ट झालेल्या ट्रान्झिस्टरमधून रेझिस्टरला मिळतच राहतो. थोडक्यात, लूप मारला नसता तरी त्या रात्री पेटी लालच झाली असती. वायरिंग पहिल्या दिवसापासून चुकीचं होतं, आणि पॅनेल तपासून सही झालेलं होतं.

माझं सगळं म्हणणं एवढ्यातच आहे. रेझिस्टरच्या थर्मल स्विचच्या तारा ड्राइव्हच्या मागच्या, सप्लायच्या बाजूच्या मेन कॉन्टॅक्टरच्या क्वॉइलमध्ये गेल्या पाहिजेत. थर्मल उघडला की कॉन्टॅक्टर पडला पाहिजे आणि ड्राइव्हचा सप्लायच तुटला पाहिजे. ड्राइव्ह बनवणाऱ्या कंपन्यांची पुस्तकं हेच सांगतात. तरी मी गेल्या काही वर्षांत जी पॅनेलं उघडली, त्यांतल्या कित्येकांत थर्मल एकतर जोडलेलाच नव्हता किंवा नुसता ड्राइव्हला नेऊन सोडला होता.

हे का होतं, याचाही विचार मी केला आहे. मी १९९४ साली आयटीआय केलं तेव्हा आमच्या हातात डीओएल आणि स्टार-डेल्टा स्टार्टर होते. क्रेनवर स्लिपरिंग मोटरी असायच्या आणि त्यांच्या रोटरला ओतीव लोखंडाच्या ग्रिड जोडलेल्या. त्या क्रेनच्या पुलावर उघड्या असत. चालू क्रेनवर गेलं की त्यांची धग तोंडावर यायची, म्हणून नवशिक्यालासुद्धा कळायचं की इथे केबल टेकवायची नाही आणि चिंधी ठेवायची नाही. ड्राइव्ह आले आणि सगळी हुशारी एका डब्यात गेली. रेझिस्टर उरला कोपऱ्यातली मुकी पेटी म्हणून. कोटेशनमध्येही तो शेवटच्या ओळीत असतो, ‘ॲक्सेसरीज’ या सदरात. मालक भाव पाडायला लागला की पहिली कात्री त्याच ओळीला लागते.

लिफ्टचं बघा. आठ माणसांच्या लिफ्टचा भार धरतात ५४४ किलो. दोराच्या दुसऱ्या टोकाला काउंटरवेट असतं, केबिनच्या वजनात भाराचा साधारण निम्मा हिस्सा मिळवून ठरवलेलं. त्यामुळे रिकामी केबिन वर जाते तेव्हा खरं म्हणजे जड काउंटरवेट खाली येत असतं, आणि मोटर वीज तयार करत असते. सकाळी नऊची वेळ डोळ्यांसमोर आणा. माणसं ऑफिसला निघालेली, भरली लिफ्ट खाली येते आणि रिकामी वर जाते. दोन्ही फेऱ्यांत रेझिस्टर तापतो. लोकांना वाटतं लिफ्ट वर चढताना जोर लागतो, उतरताना आराम असतो. मशीनरूममधली पेटी नेमकं उलटं सांगते.

कोल्हापुरात एका सोसायटीत लिफ्ट मध्येच थांबते म्हणून मला बोलावलं होतं. सेक्रेटरी सत्तरीचे, भला माणूस, माझ्याबरोबर गच्चीवर आले. मशीनरूमचं दार उघडलं तर आत कधीकाळचं थर्माकोलचं मखर, आकाशकंदील, रंगाचे अर्धे डबे. पॅनेलच्या माथ्यावर रेझिस्टरची पेटी आणि पेटीवर घडी घालून ठेवलेली सतरंजी.

“काका, ही पेटी कसली माहीत आहे का तुम्हाला?”

“लिफ्टवाल्यांचं काहीतरी आहे. जरा गरम असते, पावसाळ्यात सतरंजी दमट होत नाही.”

मी सतरंजी उचलली. खालची बाजू करपून तपकिरी झाली होती, बोटांत धरली तर तुकडा निघून आला. काका काही बोलले नाहीत. खाली गेले आणि दोन पोरांना घेऊन परत आले; अर्ध्या तासात खोली रिकामी केली. मशीनरूम कोठीसारखी वापरायची नाही, असं लिफ्टच्या भारतीय मानकातही सांगितलेलं आहे. पण ते का, हे त्यांना त्या दिवसापर्यंत कोणी सांगितलं नव्हतं. सांगणाऱ्याचं काम आमचं आहे. आम्ही दर महिन्याला ग्रीस लावून, वहीत सही घेऊन निघून जातो.

केबलबद्दल थोडं बोलतो, कारण सगळ्यात जास्त हयगय तिथे होते. साधी पीव्हीसी केबल ७० अंशांची असते. रेझिस्टरच्या टर्मिनलजवळचं तापमान त्याच्या कितीतरी पुढे जातं. त्या क्रेनवर टर्मिनलपाशी पीव्हीसीचं आवरण काकवीसारखं ओघळून आलं होतं आणि आतलं तांबं काळंनिळं पडलं होतं. तिथे १८० अंश सोसणारी सिलिकॉन रबरची वायर लागते, नाहीतर काचेच्या धाग्याच्या आवरणाची. लग चांगला क्रिम्प केलेला हवा. गरम-थंड होऊन स्क्रू ढिले पडतात, म्हणून ते पहिल्या महिन्यात आणि मग दरवर्षी पुन्हा आवळायला हवेत. केबल पेटीत खालून घ्यायची, कारण धग वर जाते. वरून घेतली की ती धुराड्यातच घातल्यासारखं होतं. पेटीच्या भोवती आणि वर मोकळी जागा सोडायची, पॅनेलच्या आत तर ती कधीच बसवायची नाही. बंद पॅनेलमध्ये रेझिस्टर ठेवलेला मी पाहिला आहे. शेजारीच ड्राइव्ह, ज्याच्या कपॅसिटरचं आयुष्य उष्णतेनेच कमी होतं.

आणि ही केबल आखूड हवी. चॉपर सेकंदाला शेकडो-हजारो वेळा चालू-बंद होत असतो, त्यामुळे त्या दोन तारा आजूबाजूच्या तारांना त्रास देतात. एका इमारतीत लिफ्ट वर जाताना मजल्यापासून दोन इंच खाली थांबायची, तेही फक्त रिकामी असताना. एक आजी तिथे ठेचकाळल्या. आधीच्या माणसाने तीन वेळा ड्राइव्हचे पॅरामीटर बदलले होते. मी वर जाऊन ट्रे उघडला. रेझिस्टरच्या तारा आणि मोटरच्या एन्कोडरची केबल चार मीटरपर्यंत एकाच गठ्ठ्यात, टायने करकचून बांधलेल्या. रेझिस्टरच्या दोन्ही तारा एकमेकींवर पिळून स्वतंत्र लोखंडी पाइपातून फूटभर लांब नेल्या. लिफ्ट मजल्याला बरोबर टेकायला लागली. पॅरामीटरला हात लावावा लागला नाही.

नव्या पोरांसाठी एक जास्तीची गोष्ट. ड्राइव्हवर डीसीची प्लस, मायनस आणि ब्रेकची अशी टर्मिनलं शेजारी शेजारी असतात. रेझिस्टर प्लस आणि ब्रेकच्या टर्मिनलमध्ये जोडायचा. प्लस आणि मायनसमध्ये जोडला तर चॉपर बाजूलाच राहतो आणि सप्लाय देताक्षणी रेझिस्टर जळायला लागतो. तसंच, ओहम कमी असलेला रेझिस्टर हाताशी आहे म्हणून लावू नका. ड्राइव्हच्या पुस्तकात कमीत कमी किती ओहम ते दिलेलं असतं. त्याच्या खाली गेलात की चॉपरमधून जास्त करंट जातो आणि तो शॉर्ट होतो, म्हणजे त्या रात्रीची सुरुवात तुम्हीच करून ठेवता. त्या क्रेनवर आधीचा रेझिस्टर जळल्यावर जुन्या बाजारातून आणलेला दुसरा लावला होता आणि त्याची पाटी खरवडलेली होती. आणि सप्लाय पाडल्यावर ड्राइव्हचं झाकण लगेच उघडू नका. कपॅसिटरमध्ये जीव घेण्याइतका चार्ज असतो. स्टिकरवर लिहिलेली मिनिटं थांबा आणि मग मीटर लावून बघा.

काहीजण म्हणतात, वीज जाळायचीच कशाला, परत लाइनला द्या की. बरोबर आहे. तसे रिजनरेटिव्ह ड्राइव्ह मिळतात, आणि साखर कारखान्यातल्या सेंट्रिफ्युगल मशीनसारख्या, दर काही मिनिटांनी वेग घेऊन पुन्हा थांबणाऱ्या यंत्रांना ते घ्यावेतच. तिथे वाचणारी वीज खरीच मोठी असते. चार मजल्यांच्या इमारतीतल्या लिफ्टला तेवढी किंमत मोजणं परवडत नाही. तिथे रेझिस्टरच राहणार आहे, अजून पुष्कळ वर्षं. म्हणून तो नीट बसवण्याला पर्याय नाही.

नीट बसवायला जास्तीचे पैसे किती लागतात? गेल्या महिन्यात एका लिफ्टसाठी मी दोन कोटेशनं दिली. सिलिकॉनची वायर, वेगळा पाइप, भिंतीवरचा ब्रॅकेट, मेन कॉन्टॅक्टर आणि थर्मलचं वायरिंग धरून फरक साडेसहा हजारांचा आला. सोळा फ्लॅट आहेत. घरटी चारशेच्या जरासे वर होतात. कमिटीने कमी रकमेचं कोटेशन घ्यायचं ठरवलं. मी नम्रपणे सांगितलं, तसं काम मी करणार नाही. दुसरा कोणीतरी करेल, हे मलाही माहीत आहे. म्हणूनच हे एकेकट्या कारागिराच्या हट्टावर सोडून चालणार नाही.

लिफ्टसाठी राज्यात २०१७ सालचा कायदा आहे, लिफ्ट निरीक्षक आहेत. दोर, गव्हर्नर, दाराचे लॉक, अर्थिंग हे सगळं बघितलं जातं आणि ते बघितलंच पाहिजे. त्यात ही एक गोष्ट वाढवा: रेझिस्टरचा थर्मल स्विच उघडला की ड्राइव्हचा सप्लाय तुटतो का, हे निरीक्षकांनी समोर करून दाखवायला सांगावं. पाच मिनिटांचं काम आहे. कारखान्यांच्या चीफ इंजिनिअर साहेबांना माझी विनंती, ऑफ सीझनला मिलच्या रोलरची आणि बॉयलरच्या ट्यूबांची जी यादी करता, तिच्यात क्रेनवरच्या डीबीआरची जाळी साफ करणं आणि थर्मलची चाचणी या दोन ओळी घाला. गर्दीत थर्मलला लूप मारायला सांगणारा फोन वरून येतो, पाळीतल्या पोराला नकार देता येत नाही. तो फोन वरूनच बंद झाला पाहिजे.

त्या कारखान्यात आम्ही तेव्हापासून एक पद्धत पाडली, ती मी नोकरी सोडल्यावरही चालू आहे. गव्हाण पूजनाच्या आदल्या दिवशी क्रेनच्या पॅनेलमध्ये थर्मलची एक तार सोडायची. मेन कॉन्टॅक्टर खट्‌ आवाज करून पडला पाहिजे. पडला, की तार पुन्हा लावायची, वहीत तारीख घालून सही करायची आणि मगच क्रेन चालकाच्या ताब्यात द्यायची.

तुमच्या इमारतीत लिफ्टवाला पुढच्या वेळी येईल तेव्हा त्याच्याबरोबर गच्चीवर जा. त्याला ही चाचणी करून दाखवायला सांगा. कॉन्टॅक्टर पडला नाही, तर वायरिंग बदलल्याशिवाय त्याच्या वहीवर सही करू नका.